सोफियाहून एका दिवसात: बोयाना चर्च, रिला मठ, डोंगर आणि गरम पाण्याची कुंडं. जमेल का?

चाकोरीबाहेर:

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात बल्गेरियात सोफियाला मुक्काम आहे. त्यातला एक दिवस पूर्ण मोकळा आहे, बहुधा शनिवार किंवा रविवार. एका दिवसात बसवायच्या गोष्टी अशा: बोयानाचं जुनं चर्च, रिला मठ, रिलाची सात सरोवरं (चेअरलिफ्टने वर जाऊन) आणि परत येताना सापारेवा बान्याला गरम पाण्यात डुंबणं. माणसं चार, त्यात एक ज्येष्ठ, त्यांचे गुडघे फारसे साथ देत नाहीत. गाडी भाड्याने घेऊन स्वतः चालवायचा विचार आहे.

प्रश्न:
१) क्रम कसा लावावा?
२) चर्चमध्ये कपड्यांचे, फोटोचे नियम किती कडक असतात? आत नेमकं काय बघायचं, हे आधी कळलं तर बरं.
३) गंधकाच्या पाण्यात जाताना काय काळजी घ्यायची?
४) शाकाहारी जेवण मिळेल का?

नकाशेवाला:

चारही गोष्टी एका दिवसात बसत नाहीत. सरोवरं काढून टाका, उरलेल्या तीन आरामात होतात.

नकाशावर सात सरोवरं आणि रिला मठ एकमेकांना चिकटून दिसतात, तिथेच फसगत होते. दोन्हींच्या मध्ये रिलाची डोंगररांग आहे आणि ती ओलांडणारा गाडीरस्ता नाही. आहे ती फक्त पायवाट, तिला सहा-सात तास लागतात. गाडीने जायचं तर सरोवरांवरून खाली सापारेवा बान्या, मग दुप्नित्सा, मग पुन्हा दक्षिणेला कोचेरिनोवो आणि तिथून परत दरीत वर, असा मोठा वळसा पडतो. शिवाय पिओनेर्स्का हटपासून चेअरलिफ्टने वरच्या हटपर्यंत (सुमारे २१०० मीटर) जायला वीस-पंचवीस मिनिटं लागतात, ती गोष्ट वेगळी. वर पोचल्यावर सातही सरोवरं बघायची तर तीन ते चार तास चाल आहे, आणि जूनच्या पहिल्या पंधरवड्यात वरच्या सरोवरांपाशी बर्फ असू शकतो. गुडघेदुखीवाल्या माणसाला लिफ्टने वर नेऊन फक्त खालचं एक सरोवर दाखवून आणणं हा काही फार शहाणपणाचा सौदा नाही. सरोवरांना वेगळा दिवस द्या. त्या दिवशी सोमवार मात्र टाळा, देखभालीसाठी सोमवारी सकाळी लिफ्ट बंद असते.

आता क्रम. दिवसाची दोन टोकं घट्ट बांधलेली आहेत: सकाळी बोयाना, संध्याकाळी कुंडं. मधला मठ ऐसपैस आहे, तो वेळ मागेपुढे झाला तरी सांभाळून घेतो. बोयाना पहिलं का, तर तिथे आत एका वेळी आठ-दहाच माणसं सोडतात आणि दहा मिनिटांत बाहेर काढतात. साडेदहानंतर टूर-बस येऊ लागल्या की तुमच्या दहा मिनिटांसाठी पाऊण तास बागेत बसावं लागतं. उन्हाळी वेळ साडेनऊपासून आहे. सव्वानऊला दाराशी असलात तर पहिल्या गटात जाल आणि दहा वाजता गाडीत बसाल.

बोयानाहून सोफियाच्या रिंगरोडने व्लादाया, पेर्निक आणि पुढे ए-३ म्हणजे स्त्रुमा महामार्ग. दुप्नित्सा मागे टाकून कोचेरिनोवोला उतरायचं, मग रिला गाव आणि तिथून नदीच्या काठाने सुमारे वीस किलोमीटर वळणावळणाने वर. एकूण ११५ किलोमीटरच्या आसपास, पावणेदोन ते दोन तास. गावाचं नाव रिला, डोंगराचं रिला, मठाचंही रिला, त्यामुळे नेव्हिगेशनमध्ये नुसतं 'रिला' टाकून गावात जाऊन थांबणारे दर आठवड्याला निघतात. 'रिल्स्की मनास्तिर' टाका.

मठाच्या पूर्वेकडच्या दाराला सामोकोव्ह दरवाजा म्हणतात म्हणून तिकडून सामोकोव्हला जाता येईल असं समजू नका. रस्ता किरिलोवा पोल्याना या कुरणाच्या पुढे थोड्याच अंतरावर संपतो. आलात तसंच परत जायचं.

बारापर्यंत मठ, तिथे जेवण धरून अडीच तास. मग हवं तर गुहा किंवा किरिलोवा पोल्याना (खाली डोंगरयात्री सांगतीलच), साडेतीनला निघालात की पावणेपाचपर्यंत सापारेवा बान्या. अंतर साठ किलोमीटरच्या आत-बाहेर, पण पहिला एक तृतीयांश भाग वळणांचा. पाच ते सात कुंडात, साडेआठला सोफिया. जूनमध्ये नऊपर्यंत उजेड असतो, त्यामुळे डोंगराळ भाग अंधारात चालवावा लागत नाही. हाच बेत डिसेंबरात केलात तर पाचलाच काळोख होतो, तेव्हा गुहा गाळावी.

शनिवार की रविवार, तर शनिवार. रविवारी संध्याकाळी ग्रीसहून आणि बान्स्कोहून परतणारं अख्खं सोफिया स्त्रुमा महामार्गावर असतं आणि व्लादायापाशी गाड्या मुंगीच्या चालीने सरकतात. रविवारच जमत असेल तर परतताना महामार्गाचा नाद सोडून सापारेवा बान्याहून क्लिसुरा खिंडीने सामोकोव्ह आणि इस्कर धरणाच्या कडेने सोफियात शिरा. रस्ता दोन पदरी आहे, तरीही त्या वेळी तोच बरा.

गाडीबद्दल थोडक्यात. भारतीय लायसन्ससोबत आंतरराष्ट्रीय परवाना लागतो. हेडलाइट दिवसाढवळ्याही, बाराही महिने चालू ठेवायचे. गावात ५०, गावाबाहेर ९०, महामार्गावर १४० ही कमाल मर्यादा. टोलनाके नाहीत, गाडीच्या नंबरवर इलेक्ट्रॉनिक विन्येत (रस्ता वापरण्याचं शुल्क भरल्याचा परवाना) असते. भाड्याच्या गाडीला ती बहुधा असतेच, पण ताब्यात घेताना कोणत्या तारखेपर्यंत आहे ते विचारा. पाऊस पडून गेला असेल तर मठाच्या दरीत रस्त्यावर लहानमोठे दगड आलेले असतात. उजव्या वळणावर दरड आणि समोरून बस, अशा जागा पुष्कळ आहेत. हळू चालवा.

डोंगरयात्री:

सरोवरं सोडायची म्हणजे डोंगर सोडायचा असं नाही. मठच ११४७ मीटरवर आहे, चहूबाजूंनी उभे कडे आणि बीच-पाइनचं रान. पण बहुतेक जण अंगणात फोटो काढून परत फिरतात आणि पुढचे सात किलोमीटर कुणी जात नाही.

मठाच्या मागून रस्ता नदीच्या कडेने वर जातो. सुमारे चार किलोमीटरवर संत इव्हान रिल्स्की यांच्या गुहेची पाटी आहे. दहाव्या शतकात हा माणूस या रानात एकटा राहिला, आणि त्याच्या भोवती जमलेल्या शिष्यांमुळे पुढे मठ झाला. गाडी रस्त्यालगत लावून जंगलातल्या पायवाटेने पंधरा-वीस मिनिटं चढायचं. वाट रुंद आहे, पण मुळं आणि ओले दगड आहेत. चपला, गुळगुळीत तळव्याचे बूट नकोत. वाटेत संत लूकचं छोटं चर्च लागतं, वर गुहेला लागून दुसरं.

गुहेत एका बाजूने शिरून वरच्या भोकातून बाहेर पडायचं असतं. पापी माणूस त्यातून निघत नाही असं म्हणतात. प्रत्यक्षात अडकते ती पाठपिशवी. सॅक, कमरेचा पाउच, कॅमेरा आधी बाहेरच्या माणसाकडे द्या, दोन्ही हात वर करून आधी डोकं आणि खांदे काढा, पाय मागून येतात. खांद्यांनी फार रुंद असाल तर नाद सोडा, आलात त्याच वाटेने परत जाता येतं, आणि त्यावरून तुमच्या पुण्याचा हिशोब कुणी मांडत नाही. भिंतीच्या फटींमध्ये लोकांनी मागणं लिहिलेल्या चिठ्ठ्या खोचलेल्या असतात, त्या काढून वाचू नयेत.

गुडघे दुखणाऱ्यांसाठी गुहा नाही, किरिलोवा पोल्याना. मठापासून साधारण सात किलोमीटर, गाडी थेट पोचते. १५०० मीटरवरचं सपाट कुरण, समोर करवतीच्या दात्यांसारखे सुळके. जूनमध्ये ओघळींत बर्फ, खाली गवतात फुलं. बाकावर अर्धा तास बसलं तरी डोंगर पुरेपूर पदरात पडतो. चौघांपैकी दोघांनी गुहेपाशी उतरायचं, उरलेल्या दोघांनी वर जाऊन यायचं, पाऊण तासाने गुहेच्या पाटीपाशी भेटायचं. दरीत मोबाइलची रेंज दगा देते, म्हणून वेळ ठरवून मगच सुटा.

आणखी एक. दुपारी दोन-तीननंतर जूनमध्ये रिलावर ढग भरून येतात आणि गडगडाटी पाऊस पडतो. मठात कडक ऊन असतानाही गाडीत चौघांचे पातळ रेनकोट असू द्या. अंगात एकेक स्वेटर, कारण सोफियाच्या मानाने इथे गार असतं.

शिल्पवेडा:

प्रश्न क्रमांक २.

कपड्यांचा नियम साधा: खांदे आणि गुडघे झाकलेले. बल्गेरियात बायकांनी डोक्यावरून रुमाल घेतलाच पाहिजे असं नाही, पुरुषांनी मात्र टोपी काढायची. पंजाबी ड्रेस, साडी, पँट काहीही चालतं. बूट काढायचे नसतात, आपले हात सवयीने बुटांकडे जातात. खिशात हात घालून उभं राहणं वाईट दिसतं. लाकडी चित्रभिंतीच्या (तिला इकोनोस्तास म्हणतात) पलीकडे जायचं नाही, तिथे वेदी असते आणि ती फक्त पुरोहितांची जागा. प्रार्थना चालू असेल तर मागे भिंतीला टेकून शांत उभं राहिलं तर कुणी हरकत घेत नाही. बहुतेक भाविक उभेच असतात, बाकांच्या रांगा नसतात.

मेणबत्ती लावायची असेल तर दाराशी विकत मिळते, सुट्टे पैसे जवळ ठेवा. स्टँडचा वरचा मजला जिवंत माणसांच्या आरोग्यासाठी, खालचा वाळूचा ट्रे मृतांसाठी. घरच्या सगळ्यांच्या नावाने हौसेने खाली मेणबत्त्या लावून येऊ नका.

फोटो: बोयानात आत पूर्ण बंदी, रिलाच्या मुख्य चर्चमध्येही आत बंदी. बाहेर, अंगणात, ओसरीत मोकळीक.

आता काय बघायचं. बोयानाचं चर्च बाहेरून पाहिलं तर 'यासाठी आलो?' असं वाटण्याइतकं लहान. एकापाठोपाठ जोडलेले तीन तुकडे आहेत: सर्वांत आतला दहाव्या-अकराव्या शतकातला, मधला तेराव्या शतकात सेबास्तोक्रातोर (दरबारातली वरची पदवी) कालोयानने बांधलेला दोन मजली, आणि बाहेरचा एकोणिसाव्या शतकातला. तुम्ही आत जाता ते नव्यातून जुन्याकडे. महत्त्व आहे ते १२५९ सालच्या भित्तिचित्रांना, त्यांच्यामुळे १९७९ साली हे चर्च जागतिक वारसा यादीत गेलं. ८९ प्रसंग आणि २४० मानवी आकृत्या एवढ्याशा भिंतींवर आहेत.

दहा मिनिटं असतात, ती अशी वापरा. दाराआधीच गॉगल काढा. आत उजेड मुद्दाम मंद ठेवलेला असतो आणि डोळे सरावायला दोन मिनिटं जातात, ती जिन्याच्या सावलीत आधीच घालवलीत तर तेवढी आत वाचतात. मधल्या दालनात समोरासमोर दोन जोड्या आहेत: एकीकडे कालोयान आणि त्याची बायको देसिस्लावा, दुसरीकडे राजा कॉन्स्टंटिन आणि राणी इरिना. कालोयानच्या हातात या चर्चचीच छोटी प्रतिकृती आहे. देसिस्लावाचा चेहरा बघा, बोटांची ठेवण बघा. तेराव्या शतकातल्या ठरीव साच्याच्या संतांमध्ये ही एक ओळखीची बाई उभी आहे असं वाटतं. याच दालनात संत निकोलसच्या आयुष्यातले १८ प्रसंग आहेत, त्यात समुद्रावरचं जहाज सापडेल. मग आतल्या चौकोनी खोलीत जा आणि येशूच्या शेवटच्या भोजनाचं चित्र शोधा. टेबलावर पाव, लसूण आणि मुळा आहे, म्हणजे चित्रकाराच्या आसपासच्या शेतकऱ्याचं ताट.

दहा मिनिटांची अट हा रखवालदाराचा खडूसपणा नव्हे. माणसांच्या श्वासातली वाफ आणि अंगाची ऊब साडेसातशे वर्षांच्या गिलाव्याला फुगवते, रंगाचे पापुद्रे सुटतात. म्हणून आतलं तापमान यंत्राने धरून ठेवतात आणि माणसं मोजून सोडतात. बाहेर बागेत बल्गेरियाची राणी एलिओनोरा हिची कबर आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला नवं मोठं चर्च बांधण्यासाठी हे जुनं पाडायचा घाट घातला गेला होता, तो तिच्यामुळे टळला.

रिलाला याच्या नेमकं उलट: सगळं मोठं, रंगीत, आणि बरंचसं नवं. दहाव्या शतकातला मठ म्हणून गेलात आणि समोर एकोणिसाव्या शतकातल्या इमारती दिसल्या की हिरमोड होतो, तेव्हा आधीच माहीत असू द्या. १८३३ साली आगीत मठाचा मोठा भाग जळाला आणि पुढच्या काही दशकांत लोकांच्या देणग्यांतून पुन्हा उभा राहिला. आगीतून वाचलेली सर्वांत जुनी वास्तू म्हणजे अंगणातला ह्रेल्योचा दगडी मनोरा, १३३४-३५ सालचा, २३ मीटर उंच. त्याच्या शेजारी काळ्यापांढऱ्या पट्ट्यांच्या कमानींचं मुख्य चर्च. दोन्ही एका नजरेत येतील असे उभे राहा, पाचशे वर्षांचं अंतर डोळ्यांनी मोजता येतं.

चर्चमध्ये घाईने शिरू नका, आधी बाहेरच्या ओसरीला एक चक्कर मारा. नरकाचे देखावे, सैतान, पापांच्या शिक्षा, गंडेदोरे करणाऱ्या गावठी वैदूकडे रांग लावणारे लोक आणि त्यांच्या भोवती नाचणारी भुतं, सगळं भडक रंगांत आहे, आणि इथे फोटोही चालतात. सामोकोव्हचा झाहारी झोग्राफ आणि त्याचा भाऊ दिमितर हे यातले प्रमुख चित्रकार. काम १८४६ साली पुरं झालं. आत सोन्याचा मुलामा दिलेली कोरीव इकोनोस्तास आहे, आणि उजव्या बाजूला राजा बोरिस तिसरा याचं हृदय पुरलेली साधी जागा.

संग्रहालयाचं तिकीट वेगळं आहे, ते काढाच. तिथे राफाइल नावाच्या संन्याशाने एका अखंड लाकडात कोरलेला क्रूस आहे: ८१ बाय ४३ सेंटिमीटर, १०४ प्रसंग, ६५० आकृत्या. सुया आणि भिंगं वापरून बारा वर्षं काम चाललं, १८०२ साली संपलं, तोवर त्याची दृष्टी गेली होती. लोक संग्रहालय शेवटी ठेवतात आणि मग वेळ उरत नाही. उलट करा, पोचल्या पोचल्या संग्रहालय, मग ओसरी, मग चर्च. बारा ते एकच्या दरम्यान टूरवाले जेवायला गेलेले असतात, तेव्हा चर्च त्यातल्या त्यात रिकामं मिळतं.

चाकोरीबाहेर:

सरोवरं बाद. 'नकाशे'साहेब, गाडी नाहीच मिळाली तर सार्वजनिक वाहनाने यातलं किती होईल? आणि कुंडांबद्दल कुणी सांगेल का?

नकाशेवाला:

तीनपैकी एकच धड होईल. सोफियाच्या पश्चिमेकडच्या ओव्चा कुपेल बसस्थानकावरून मठाला सकाळी एक थेट बस असते आणि ती दुपारी परत फिरते. तिला धरलंत तर बोयाना सकाळी होत नाही आणि कुंडं संध्याकाळी होत नाहीत. दुप्नित्सामार्गे बस बदलत जाता येतं, पण एक जोड चुकली की दोन तास स्थानकावर. गाडी नसेल तर सोफियाच्या मध्यातून निघणाऱ्या शेअर टूर घ्या. त्यातल्या बऱ्याचशा बोयाना आणि रिला एकत्र करतात, थोड्या कुंडांपर्यंतही नेतात. बुक करताना एवढं विचारा: बोयानाचं तिकीट धरलं आहे का, आणि कुंडात पाण्यातला वेळ किती? 'भेट' असं लिहिलेलं असेल तर कधीकधी फक्त गावातलं गरम पाण्याचं कारंजं दाखवून परत आणतात.

शहराजवळच काही करायचं असेल तर ६४ नंबरची बस ख्लादिल्निकाहून बोयानाला जाते. चर्च बघून विटोशा डोंगराच्या उतारावर भटका, दुपारी बान्क्या गावच्या गरम पाण्यावर. छोटा बेत, पण दिवसभर गाडीत बसायला नको.

उनाडमावशी:

कुंडांचं मी सांगते.

पहिली गोष्ट, सापारेवा बान्या म्हणजे वज्रेश्वरीसारखी दगडी पायऱ्यांची उघडी कुंडं नव्हेत. गावाच्या मध्यावर कुंपणातलं कारंजं आहे आणि पोहायचे तलाव वेगळ्या आवारात आहेत. कारंजं १९५७ साली बोअर खणताना फुटलं. पाणी १०० अंशांच्या वर, १०३ पर्यंत. एवढ्या उंचीवर पाणी खरं तर ९७-९८ अंशांना उकळतं. खाली दाबाखाली असताना ते उकळत नाही, वर आलं की दाब सुटतो, एकदम वाफ होते आणि पाणी उसळतं. म्हणून ते सलग नळासारखं न येता धापा टाकल्यासारखं थोड्या थोड्या सेकंदांनी उडतं. वाऱ्याच्या बाजूला उभं राहून मुलांना कुंपणावर वाकू देऊ नका, तुषारही भाजतात.

तलावांत हेच पाणी थंड करून सोडतात, साधारण ३२ ते ४० अंश, प्रत्येक तलावाला पाटी असते. सुरुवात कोमटापासून करा. ३८-४० च्या तलावात एका वेळी पंधरा मिनिटं, मग बाहेर येऊन दहा मिनिटं सावलीत बसून पाणी प्यायचं, मग पुन्हा. दोन तासांत अशा तीन-चार फेऱ्या भरपूर झाल्या. गरम पाण्यात रक्तवाहिन्या सैलावतात, रक्तदाब उतरतो, आणि माणूस झटकन उठून शिडी चढला की डोळ्यांपुढे अंधारी येते. दिवसभर उन्हात फिरून, कमी पाणी पिऊन आलेल्यांना हे हमखास होतं. उठायच्या आधी काठ धरून अर्धा मिनिट उभं राहा. हृदयविकार, अनियंत्रित रक्तदाब, गरोदरपण, ताप, उघडी जखम असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. गुडघ्यांना ऊब बरी वाटते, पण ज्येष्ठांसाठी ३५-३६ चाच तलाव निवडा. आणि बिअर नंतर, आधी नाही. चालवणाऱ्याने तर अजिबात नाही.

आता आपल्या बायकांसाठी खास. पाण्यात गंधक आहे, चांदी त्यात पाच-दहा मिनिटांत काळी पडते. जोडवी, पैंजण, चांदीची साखळी हॉटेलवरच काढून ठेवा. सोनंही काढलेलं बरं, लॉकर असला तरी दागिने तिथे कशाला न्यायचे. काळी पडलेली जोडवी टाकून देऊ नका, घरी पॉलिशने निघतात.

स्विमिंग कॉश्च्यूमच लागतो. टी-शर्ट, लेगिंग, सुती कुर्ता घालून पाण्यात उतरू देत नाहीत, सुती कापडातून धागे सुटून गाळणी तुंबते. अंग झाकणारा हवा असेल तर पोहण्याच्याच कापडाचा लांब बाह्यांचा सूट घ्या. रबरी चपला, टॉवेल, टोपी सोबत न्या. जुना, गडद रंगाचा कॉश्च्यूम आणा, गंधकाचा वास दोन-तीन धुण्यांपर्यंत जात नाही. केस आधी शॉवरखाली साध्या पाण्याने चिंब करा म्हणजे कुंडाचं पाणी कमी शोषतात. कॉन्टॅक्ट लेन्स काढा. ओले कपडे ठेवायला दोन जाड प्लास्टिक पिशव्या, नाहीतर भाड्याच्या गाडीला सडक्या अंड्यांचा वास लागतो आणि परत देताना तोंड लपवावं लागतं.

शेवटचा प्रवेश बंद व्हायच्या बराच आधी असतो आणि तलाव स्वच्छतेसाठी काही ठिकाणी आठवड्यातला एखादा दिवस सुट्टी असते. आदल्या दिवशी हॉटेलातून फोन करून घ्या. वेळ उरला तर गावातलं संत निकोलसचं विटांचं जुनं चर्च बघा, इवलंसं आहे, दहा मिनिटं पुरे.

प्रश्न चौथा, जेवण. एक शब्द पाठ करा: 'पोस्त्नो'. ऑर्थोडॉक्स उपासाचं जेवण, म्हणजे मांस, अंडं, दूध काहीच नाही. आपल्यापेक्षा कडक! मेनूत हा शब्द दिसला की डोळे मिटून घ्या. दूध-चीज चालत असेल तर 'बेझ मेसो', म्हणजे मांसाशिवाय. मठापाशी बॉब चोर्बा, म्हणजे पांढऱ्या घेवड्याची पुदिन्याच्या चवीची आमटी, बहुतेक ठिकाणी शाकाहारी असते. पण काही जण त्यात धुरावलेलं मांस किंवा सॉसेज टाकतात, विचाराच. शोप्स्का म्हणजे काकडी-टोमॅटोवर खारवलेल्या चीजचा कीस, तारातोर म्हणजे काकडी, दही आणि अक्रोड यांचं गार सूप. सामोकोव्ह दरवाजाबाहेरच्या बेकरीत मेकित्सी मिळतात, भटुऱ्यासारख्या तळलेल्या, वर पिठीसाखर. पिठात दही असतं आणि अंडंही असू शकतं. गरम असतानाच खा, गार झाल्या की चामडं.

पैसे: १ जानेवारी २०२६ पासून युरो आहे. लेव्ह हे जुनं चलन, त्या नोटा-नाणी फेब्रुवारीपासून दुकानात चालत नाहीत, सुट्टे म्हणून कुणी दिले तर घेऊ नका. कार्ड बरंच चालतं, पण मेणबत्ती, मेकित्सी, पार्किंग आणि स्वच्छतागृहासाठी नाणी लागतात.

डोंगरयात्री:

मावशी, मानेचं राहिलं! बल्गेरियन माणूस 'हो' म्हणताना मान आडवी हलवतो आणि 'नाही' म्हणताना उभी. 'बेझ मेसो?' विचारल्यावर वेटरने मान उभी डोलावली तर आमटीत मांस आहे. त्यातून पर्यटकांची सवय झालेले वेटर तुमच्यासाठी उलटं करतात, म्हणजे गोंधळ दुप्पट. मानेकडे बघूच नका, तोंडाने 'दा' की 'ने' ते ऐका.

चाकोरीबाहेर:

वा, सगळंच मिळालं. शनिवार पक्का केला. एक शेवटचं: व्हिसा एकदाच प्रवेशाचा शेंगेन (युरोपातल्या बऱ्याच देशांचा सामाईक) आहे, दुसऱ्या दिवशी उत्तर मॅसिडोनियातल्या स्कोप्येला जाऊन यायचं मनात होतं.

नकाशेवाला:

मग नका जाऊ. बल्गेरिया १ जानेवारी २०२५ पासून पूर्णपणे शेंगेनमध्ये आहे, ग्रीस किंवा रोमेनियाहून येता-जाता त्यामुळे व्हिसाचा प्रश्न येत नाही. उत्तर मॅसिडोनिया आणि सर्बिया मात्र शेंगेनबाहेर आहेत. स्कोप्येला गेलात की तुमचा एकमेव प्रवेश वापरून झाला, परत सोफियात येता येणार नाही, आणि सामान हॉटेलात. तो दिवस सरोवरांना द्या. सकाळी आठला सोफियाहून निघा, पानिचिश्तेमार्गे लिफ्टच्या तळाशी दहापर्यंत, दोनच्या आत वरून परत लिफ्टशी. वीज कडाडायला लागली की चेअरलिफ्ट थांबवतात आणि मग खाली यायला पायवाटेने दीड-दोन तास लागतात.

गुडघेवाल्यांनी त्या दिवशी सोफियातच थांबावं. बान्या बाशी मशिदीमागच्या जुन्या मिनरल बाथच्या शेजारी सार्वजनिक नळ आहेत, तिथे गरम खनिज पाणी फुकट मिळतं. सोफियाचे लोक पाच-पाच लिटरचे कॅन भरून नेतात. एक रिकामी बाटली घेऊन जा.